चांगोशेठचा चहा

खाडीच्या काठावर एक गाव होते आणि त्या गावात चांगो घरत नावाचा मिठागराचा मालक राहत असे. भरतीचे पाणी बांध घालून अडवायचे, वाफ्यांत पसरायचे, उन्हाने आटले की तळाशी बसलेले मीठ ओढून काठावर त्याची रास घालायची, असा हा धंदा. पावसाळा सरला की काम सुरू होते आणि पुढचा पावसाळा आला की थांबते. ऊन जितके कडक, तितके मीठ चांगले. मीठ ओढणाऱ्या माणसांना मात्र तेच ऊन सोसावे लागते.

चांगो जन्माने शेठ नव्हता. तिशीपर्यंत त्याने दुसऱ्याच्या मिठागरावर फावडे ओढले होते. तिथला मालक दुपारी झोपडीत बसून चहा प्यायचा आणि त्याचा वास वाफ्यांपर्यंत यायचा. एकदा चांगोने घोटभर चहा मागितला. मालक हसून म्हणाला, "तू चहा प्यालास म्हणून मीठ लवकर पिकणार आहे का?"

चांगो ते बोलणे विसरला नाही. पुढे स्वतःचे मिठागर झाले तेव्हा त्याने सगळ्यांत आधी एक मोठी पितळी किटली आणली.

त्याच्याकडे बावीस गडी होते. त्यांना दिवसातून सहा वेळा चहा मिळे. घट्ट दुधाचा, साखर सढळ घातलेला, आले ठेचून उकळलेला. नागूबाई नावाची वयस्कर बाई चुलीवर चहा करी, पण गड्यांच्या हातात कप द्यायचे काम चांगोशेठने स्वतःकडे ठेवले होते. तो बांधावरून फिरत एकेकाला कप देई आणि गडी पहिला घोट घेईपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत उभा राही. आसपासच्या चार गावांत या चहाचे नाव झाले होते. दुसऱ्या मिठागरावरचे गडी म्हणत, "मालक असावा तर चांगोशेठसारखा." हे त्याच्या कानावर येई आणि त्याचा दिवस आनंदात जाई.

मिठागरावरच्या विहिरीचे पाणी खारट होते. पिण्याचे पाणी गावातून आणावे लागे. नागूबाई आणि तिची सून अर्धा तास बांध तुडवत रोज सकाळी दोन हंडे आणत. एक हंडा चहात आणि कप विसळण्यात संपे. दुसरा हंडा बावीस माणसांना पिण्यासाठी. तो दुपारपर्यंत तापून जाई आणि बहुतेक वेळा तळही गाठे. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. दर दोन तासांनी हातात चहा येत होता.

पहिली दोन वर्षे ठीक गेली. तिसऱ्या वर्षी मार्गशीर्षातच गड्यांची कुरबुर सुरू झाली. कुणाचे डोके दुखे. कुणाला उन्हाळी लागे, लघवीला गेले की आग होई. जेवणाच्या सुट्टीत फडकी सोडली जात आणि अर्धी भाकरी तशीच परत बांधली जाई. चांगोशेठला वाटले, यंदा ऊन लवकर तापले आहे. त्याने नागूबाईला चहात आले वाढवायला सांगितले.

फाल्गुनात एका दुपारी जोमा नावाचा गडी फावडे टाकून बांधावर आडवा झाला. तिशीतला, सगळ्यांत ताकदवान गडी. कुशीत हात दाबून तो गडबडा लोळू लागला. चांगोशेठने काम थांबवले, जोमाला स्वतः होडीत घातले आणि तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेले.

डॉक्टरांनी आधी कळ थांबवायचे इंजेक्शन दिले. जोमा शांत झाल्यावर त्यांनी विचारले, "दिवसभरात काय काय पिता?"

जोमाच्या आधी चांगोशेठच बोलला. "चहा पितो, डॉक्टरसाहेब. माझ्याकडे सहा वेळा असतो. दूध पातळ नाही, काही नाही."

"आणि पाणी?"

चांगोशेठने जोमाकडे पाहिले. जोमाने विचार करून सांगितले, "घरून निघताना तांब्याभर. मग घरी गेल्यावर."

"मुतखडा आहे," डॉक्टर म्हणाले. "शेठ, चहा वाईट नाही. मीही दोन वेळा पितो. पण तो पाण्याची जागा घेत नाही. तुमच्या माणसांचं पाणी दिवसभर घामातून जातं. आत पुरेसं पाणी गेलं नाही की लघवी घट्ट होते आणि तिच्यात खडे धरतात. वर सारखा गोड चहा पोटात गेला की भूक मरते. तुमची माणसं तहानलेली आहेत आणि अर्धपोटीही आहेत."

चांगोशेठला हे फार लागले.  ज्या चहासाठी माणसे त्याचे नाव घेत होती, त्याच चहाला डॉक्टरांनी दोष दिला, असे त्याला वाटले. डॉक्टर खुर्चीत बसून बोलतात, त्यांना मिठागर काय माहीत, असेही त्याच्या मनात आले. दुसऱ्या दिवशी त्याने हट्टाने सातवा चहा सुरू केला. त्यात गवती चहा घालायला लावला आणि गड्यांना सांगितले, याने अंगात जोर येतो.

नागूबाईने चार दिवस सातवा चहा केला. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "शेठ, माझ्या कोंबड्या माजल्यात."

"मग?"

"गड्यांनी टाकलेल्या भाकऱ्या मी कोंबड्यांना घालते. आता त्यांनाही संपत नाहीत."

चांगोशेठला रोख कळला. "वहिनी, तू पण डॉक्टरांचीच री ओढणार? चहा बंद करू का?"

"बंद कशाला करता? तुम्ही एकदा वाफ्यात उतरा. ते जेवढं पितात तेवढंच प्या. मग मला सांगा."

नागूबाईने आणि त्याने एकेकाळी त्याच जुन्या मालकाकडे शेजारी शेजारी काम केले होते. दुसरे कुणी असते तर चांगोशेठ चिडला असता. तिला तो एवढेच म्हणाला, "उतरतो. मी काही फावडं विसरलेलो नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो धोतर खोचून वाफ्यात उतरला. गडी चकित झाले. पहिला प्रहर बरा गेला. हात चालत होते, जुनी सवय होती. पहिला चहा त्याला नेहमीपेक्षा गोड लागला. दुसऱ्या चहानंतर तोंड चिकट झाले. ऊन डोक्यावर आले तेव्हा मिठाच्या पांढऱ्या वाफ्यांवरून उजेड डोळ्यांत घुसू लागला. ओठांवर खारट थर बसला. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा त्याने भाकरी सोडली, एक घास घेतला, आणि तो घशाखाली उतरेना.

तो सवयीने झोपडीकडे निघाला. तिथे सावलीत त्याचा फिरकीचा तांब्या ठेवलेला असे. घरून भरून आणलेले थंड पाणी, आत वाळ्याची काडी. रोज दिवसभरात तो हा तांब्या दोनदा रिकामा करी. दारात पोहोचल्यावर त्याचा हात तांब्याकडे गेला आणि तिथेच थांबला. इतकी वर्षे तो या सावलीत बसून पाणी पीत होता आणि बाहेर जाऊन चहा वाटत होता. यात काही चुकत असेल असे त्याला कधी वाटले नव्हते.

तांब्याला हात न लावता तो परत फिरला.

दुपारचा चहा झाला. कप द्यायला शेठ नव्हता, म्हणून नागूबाईच किटली घेऊन बांधावर आली. तिने त्याच्यापुढे कप धरला.

"वहिनी, पाणी दे," तो म्हणाला.

"संपलं, शेठ."

"कधी?"

"रोज याच वेळेला संपतं."

तो बांधावरच बसला. जोमा दोन दिवसांपूर्वीच कामावर परतला होता आणि जवळच उभा होता. चांगोशेठने त्याला विचारले, "तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

जोमाने फावडे खाली टेकवले. मग म्हणाला, "तुम्ही एवढ्या मायेनं कप हातात देता. पाणी मागितलं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं."

कुणी शिवी दिली असती तरी चांगोशेठला इतके लागले नसते. जुन्या मालकाकडे निदान मागता तरी येत होते. आपल्याकडे माणसांना मागायचीही चोरी झाली, हे त्याला कळले.

त्याने वेळ घालवला नाही. मीठ घेऊन गावच्या धक्क्यावर जाणारी त्याची होडी रोज रिकामीच परत येत असे. त्या होडीत त्याने धुतलेली पिंपे ठेवली आणि प्रत्येक खेपेला गोडे पाणी भरून आणायला सांगितले. बांधावर तीन ठिकाणी माडाच्या झापांची सावली करून रांजण पुरले. दुपारच्या जेवणाला पातळ ताक सुरू केले. चहा दोनदाच ठेवला, सकाळी एकदा आणि काम सुटताना एकदा, तोही कमी साखरेचा.

हे सगळ्यांना आवडले असे नाही. रांजण काय, कुणीही भरतो. पाण्यासाठी कुणी कुणाचे नाव घेत नाही. पलीकडच्या मिठागराचा मालक हसूराम ठाकूर लोकांना सांगू लागला, "चांगोशेठचा हात आखडला." त्याने स्वतः मोठी किटली आणली आणि दिवसाला आठ वेळा चहा सुरू केला. चांगोशेठचे सहा गडी तिकडे निघून गेले. जे राहिले त्यांतलेही दोघे चौघे आठवडाभर डोके धरून बसत, कारण सवय अशी एका दिवसात सुटत नाही. चांगोशेठ त्यांना समजावत राही आणि स्वतःही त्यांच्याबरोबर रांजणातले पाणी पिई.

महिन्याभरात फरक दिसू लागला. उन्हाळी लागायचे थांबले. भाकरी पुरेनाशी झाली, तेव्हा बायका जास्तीची बांधून देऊ लागल्या. जोमाचा खडा पडून गेला. पण काथोड नावाच्या एका म्हाताऱ्या गड्याला उशीर झाला होता. त्याचे एक मूत्रपिंड कायमचे अधू झाले होते. त्याच्याने फावडे ओढवेना. चांगोशेठने त्याला भरतीच्या वेळी बांधाचे दार उघडायचे बैठे काम दिले. काथोडने कधी दोष दिला नाही. चांगोशेठनेही आपली बाजू कधी मांडली नाही.

वैशाखात बातमी आली की हसूरामच्या मिठागरावर दोन गडी कळ येऊन पडले. त्यांतला एक चांगोशेठकडून गेलेला होता.

चांगोशेठने होडी काढली. सहा पिंपे पाणी भरले, जोमाला बरोबर घेतले आणि तो खाडीपलीकडे गेला. दुपारची वेळ होती. हसूराम किटली घेऊन बांधावर उभा होता. होडीतून पिंपे उतरताना पाहून तो म्हणाला, "काय चांगोशेठ, आम्हाला दान करायला आलात?"

"नाही. कबूल करायला आलोय," चांगोशेठ म्हणाला. गडी हातातले काम थांबवून बघू लागले. तो सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला. "ही किटली तू माझी बघून आणलीस. माझ्या किटलीनं जोमा आजारी पडला. काथोड तर कायमचा अधू झाला. मी माणसांना चहा पाजत होतो आणि त्यांना तहानलेलं ठेवत होतो. मला माझ्या चहाचं कौतुक होतं, म्हणून मला दिसलं नाही. तुझ्याकडे तरी हे होऊ नये."

 चांगोशेठचा हात आखडला, असे हसूराम चार गावांत सांगत फिरला होता. त्यावरून भांडायला चांगोशेठ एक दिवस येईल असे त्याला वाटले होते, पण तो आला होता त्याहून वाईट गोष्ट स्वतःबद्दल सांगायला.

"चहा मी पण दोनदा देतो," चांगोशेठ पुढे म्हणाला. "चहानं काही बिघडत नाही. पण आधी पाणी."

हसूरामने हातातली किटली खाली ठेवली. "होडीची खेप रोज जाते माझी पण," तो हळूच म्हणाला. "पिंपं मिळतील?"

"ही सहा ठेव. मी दुसरी आणीन."

जोमाने पहिल्या पिंपाचे झाकण काढले. गडी एकेक करून बांधावर आले. कुणी चांगोशेठचे आभार मानले नाहीत, कुणी त्याच्याकडे वळूनही पाहिले नाही. प्रत्येकाच्या तोंडाला तांब्या लागला होता. चांगोशेठ ते बघत उभा राहिला आणि शेवटचा माणूस पिऊन होईपर्यंत हलला नाही.

तात्पर्य: तहानेला पाणीच लागते, चहा आवडीने प्यावा, पण पाण्याच्या जागी नव्हे. आणि कुणाचे भले करायचे असेल तर आपल्याला काय द्यायला आवडते हे न पाहता, त्याला काय हवे आहे ते आधी विचारावे.