दाणे वाढले

पूर्वी हिमवंताच्या पायथ्याशी चंद्रावती नगरीत धृतवीर्य राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व जवळच्या एका गावात कुंभाराच्या घरी जन्मले होते. त्यांचं नाव पिंगल. त्यांची बायको चित्रा नदीपलीकडची. ती त्याच वर्षी लग्न होऊन आली होती आणि या गावातला तिचा हा पहिलाच हिवाळा होता.

त्या वर्षी थंडी सरता सरेना. सकाळी रांजणातल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरायचा. रानातलं जळण ओलं झालेलं, घराघरातले दाणे तळाला गेलेले. माणसं थकली होती. कुणी कुणाशी फार बोलत नसे, कारण बोलायलासुद्धा अंगात ऊब लागते.

कुंभाराच्या अंगणात गोवऱ्यांचा मोठा उडवा रचलेला होता. वसंतातल्या उत्सवासाठी भांडी भाजायची, ती त्यावरच. वर्षाचं पोट भांडी भाजायच्या त्या एका भट्टीवर, आव्यावर, होतं. पण रोज कुणी ना कुणी दारात यायचं. दोन गोवऱ्या द्या, थोडा विस्तव द्या, मूठभर दाणे द्या. बोधिसत्त्व देत असत. देऊन देऊन तेही दमले होते.

शेजारच्या घरात रेवती राहायची. तिचा नवरा तांड्याबरोबर गेला होता तो परतला नव्हता, आणि पदरात चार महिन्यांची मुलगी. ती मात्र काही मागायला कधी आली नाही. एकदा चित्रानं कुंपणावरून विचारलं, "दाणे आहेत ना गं घरात?"

रेवती खाली बघून म्हणाली, "दाणे वाढलेत हो वहिनी."

चित्राला बरं वाटलं. चला, एक तरी घर सुखी आहे. मग तिनं त्या घराकडे पाहिलंच नाही.

आठेक दिवसांनी सोमिल आजोबा काठी टेकत आले. ते एकटेच राहत. चित्रानं मडक्यात हात घातला, तळ लागला, आणि ती कातावली. "आजोबा, सगळ्या गावाला आमचंच दार दिसतं का? त्या रेवतीकडे जा की. तिच्याकडे दाणे वाढलेत म्हणे!"

आजोबा काठी टेकत तिकडे गेले. दुपारी परत आले आणि ओट्यावर बसले.

"चांगल्या भरल्या घरी धाडलंस सूनबाई," ते म्हणाले. "कोंड्याची पेज दिली तिनं. तीसुद्धा अर्धी वाटी, स्वतःच्या वाटणीची. मला आधी कळलं नाही, मी पिऊन बसलो. मग बघतो तर चूल गार. मडकी उपडी."

"आणि बाळ?" बोधिसत्त्वांनी विचारलं.

"निजलंय. रडत नाही बिचारं."

बोधिसत्त्वांचे मातीचे हात थांबले. रडणाऱ्या पोराची काळजी नसते. न रडणाऱ्याची असते.

"चित्रा, ती नेमकं काय म्हणाली होती?"

"दाणे वाढलेत म्हणाली. आमच्याकडे वाढले म्हणजे जास्त झाले."

"अगं, इथल्या बायका दाण्याला संपले म्हणत नाहीत. अशुभ मानतात. दिवा विझवला की वाढवला, बांगडी फुटली की वाढली, तसेच दाणे वाढले. घरात एक दाणा उरला नाही, हे ती तुला सांगत होती."

चित्रा म्हणाली, "आणि मी भुकेल्या माणसाला तिच्याच दारात पाठवलं."

"चूक झाली. आता तळाशी उरलेत तेवढ्या दाण्यांची पेज टाक. मी आवा लावतो."

"कच्ची भांडी अजून वाळली नाहीत. आणि गोवऱ्या आत्ताच जाळल्या तर वसंतात काय करायचं?"

"माहीत नाही," बोधिसत्त्व म्हणाले. ते खरंच दमले होते. "वसंतापर्यंत ती पोर जगायला पाहिजे, एवढं माहीत आहे."

त्यांनी आव्यात मंद विस्तव घातला आणि ते रेवतीच्या दारात गेले. आत न जाता म्हणाले, "रेवती, माझं एक काम अडलंय. आवा लावलाय, पण माझे डोळे मिटतायत. बाळाला घेऊन राखणीला बसशील का? तुझे उपकार होतील."

रेवती मुलीला छातीशी धरून आली. आव्याची भिंत तापली होती. तिनं आत वाकून पाहिलं.

"दादा, यात भांडी कुठायत?"

"नाहीत."

"मग भाजायचं काय?"

बोधिसत्त्वांना खोटं बोलता येईना. ते म्हणाले, "सोमिल आजोबांचे गुडघे."

"भाजा बाबा," भिंतीला पाठ लावून बसलेले आजोबा म्हणाले. "कच्चे ठेवू नका मात्र."

रेवतीला हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं. "दादा, आमच्याकडे दाणे वा..." ती थांबली. ओठ चावला. मग म्हणाली, "संपले. आठ दिवस झाले. मला द्या काहीतरी. दूध येत नाही."

मागं चित्रा पेजेचं भांडं घेऊन उभी होती. "हा शब्द मला कळतो गं," ती म्हणाली, आणि तिनं पहिला घोट रेवतीच्या तोंडाशी धरला.

आवा विझू दिला नाही. हळूहळू सगळी आळी त्या भिंतीला टेकून बसू लागली. ज्याच्याकडे जे होतं ते एका मडक्यात शिजायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी बाळ भुकेनं असं किंचाळलं की आजोबांची काठी पडली. त्या रडण्याला कुणी कंटाळलं नाही. वसंतात कुंभाराकडे जळण नव्हतं, भांडी थोडीच झाली. ते वर्ष ओढगस्तीचंच गेलं.

ही मागच्या जन्मीची गोष्ट सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, विहारातल्या तापानं फणफणलेल्या तरुण भिक्षुणीकडे पाहिलं. तिचं नाव वरुणा. कुणीही विचारलं की ती 'ठीक आहे' म्हणायची आणि अंगावरच्या एकाच चीवरात कुडकुडत पडायची. शेजारच्या कुटीतली सुधर्मा ते खरं मानून पुढं जायची. शेवटी विहाराच्या म्हाताऱ्या माळ्यानं तिचा ताप ओळखला होता.

शास्ता म्हणाले, "तेव्हाची रेवती ती आजची वरुणा. चित्रा म्हणजे सुधर्मा. सोमिल आजोबा म्हणजे हा माळी, आणि तो कुंभार मी होतो. देणं हे दान आहेच. पण लाज सोडून 'संपलं' म्हणणं, म्हणजे शेजाऱ्याला देऊ देणं, हेही दानच आहे. आता सांग वरुणा, कशी आहेस?"

वरुणानं चीवर अंगाभोवती ओढून घेतलं. मग म्हणाली, "थंडी वाजते."

सुधर्मा पांघरूण आणायला उठली.