पागेचा कायदा

रायवळी संस्थानात दोन गोष्टींचा बोलबाला होता, सरकारी मागांवरची लुगडी आणि पागेतल्या घोड्या. कारभार दोन्हींचा दिवाण त्र्यंबकरावांकडे. मागावरच्या बाया तान्ह्यांना पाजायला मधूनच घरी जातात हे त्यांच्या डोळ्यांत खुपलं. त्यांनी हुकूम काढला, की दिवस मावळेपर्यंत माग सोडायचा नाही आणि तान्ही पोरं आवारात आणायची नाहीत.

बायांचं दूध आटू लागलं, पोरं रोडावली. शेवटी यमुना कोष्टीण पोर कडेवर घेऊन दरबारात महाराजांपुढे उभी राहिली आणि पाजायला सवड मागू लागली.

दिवाण हसले. "कामावरच्या आईला सवड द्यायची, असा कायदा उभ्या मुलखात कुणी ऐकलाय का?"

"ऐकलाय की दिवाणसाहेब. तुमच्याच पागेत आहे. शिंगरू पितं आहे तोवर घोडीवर खोगीर चढवायचं नाही, शिंगराला तिच्यापासून तोडायचं नाही, आणि तिला चंदी जास्त घालायची. पाहुण्यांना तुम्हीच कौतुकानं सांगता."

दिवाणांचा चेहरा उतरला. "म्हणजे तू घोडीशी बरोबरी करतेस?"

"माझी काय बिशाद?" यमुना म्हणाली. "घोडी आमच्याहून वरच्या पायरीवर आहे. आम्हाला तिच्या पायरीपर्यंत चढवा, एवढंच मागणं आहे."

महाराजांनी दिवाणांना हुकूम तिथेच मागे घ्यायला लावला.

दुसऱ्या दिवशी मागांशेजारी झोळ्या बांधल्या गेल्या. पाहुणे अजूनही येतात, पण पागा दाखवायला दिवाण स्वतः जात नाहीत.