मानाचा फेटा

कोल्हापुरात आजवरचा सर्वांत थोर पगारी फुटबॉल कोच कोण, यावर पेठेत रण माजलं. मानाचा फेटा एक आणि दावेदार दोन: गर्जणारे सर्जेराव इंगवले आणि अबोल दस्तगीरमामा. निवाडा मैदानाशेजारच्या चहावाल्या आक्काताईंकडे आला. आरडाओरड्यानं त्यांचं डोकं आधीच उठलं होतं.

सर्जेराव छाती फुगवून म्हणाले, "आक्का, मी रेषेवरनं ओरडल्याबिगर माझा एक गडी पाय उचलत न्हाई! अन् हे मामा? मॅचभर तुमच्या बाकड्यावर चहा पीत बसत्यात!"

"तवा मामांची टीम काय करती?"

"जिंकती," सर्जेराव पुटपुटले.

आक्काताईंनी फेटा दस्तगीरमामांच्या डोक्यावर ठेवला.

"सर्जेराव, परीक्षा चालू असताना खिडकीतनं उत्तरं सांगणाऱ्याला आमच्यात मास्तर म्हणत न्हाईत!"