वानरिणीच्या हाताचे माप

सागाच्या जंगलात, ओढ्याच्या वळणावर एक म्हातारी साळू राहत असे. साळू म्हणजे अंगभर काटे असलेले साळिंदर. फोन घडवणे हा तिचा धंदा. मुलांनो, तुमच्या घरी फोनवर शंभर गोष्टी चालतात. त्या जंगलातही चालत. पण तिथे फोन मुख्यतः एका कामासाठी लागे. टेकडीवर टिटवी पहारा करी आणि बिबट्या दिसला की सगळ्यांना एकदम फोनवरून कळवी. तो कुठून येतो आहे आणि पळायचे कुठे, एवढे सांगून ती फोन ठेवी.

दरसाल फोन मोठा होत गेला. एके वर्षी साळूने सर्वांना बोलावले आणि विचारले, "पुढचा फोन कसा हवा, ते या वेळी तुम्हीच सांगा."

"माझ्या कपाळाएवढा," गवा म्हणाला. "चित्रं बघायला बरं पडतं."

"मागून आरशासारखा चकचकीत," मोर म्हणाला. "मोठा तर हवाच."

कोल्ह्याने शेपूट झटकली. "मोठा, पण पिंपळपानासारखा पातळ. घडी घातली की बगलेत मावला पाहिजे, मावशी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मागच्या फांदीवर एक वानरीण बसली होती. तिच्या पोटाला पिलू बिलगले होते. ती म्हणाली, "मला एका हातात मावेल एवढाच हवा."

"वहिनी, तसले फोन आमच्या आजोबांकडे होते," कोल्हा म्हणाला. "झाडावर राहून राहून तुम्ही जरा मागे पडलात."

काहीजण हसले. वानरीण म्हणाली, "माझा एक हात फांदीला लागतो, भाऊजी."

एवढेच ती बोलली. पण साळूला गेला उन्हाळा आठवला. वानरिणीचा मोठा फोन पाठीला वेलीने बांधलेला असे आणि सोडवायला दोन्ही हात लागत. एका दुपारी फोन वाजला तेव्हा ती उंच फांदीवर होती. खाली बेचक्यात येऊन, बसून, वेलीची गाठ सोडेपर्यंत टिटवीचे सांगून झाले होते. वानरिणीचा थोरला तेव्हा ओढ्यावर पाणी पीत होता. तो परत आला नाही. पुढे त्याविषयी ती कुणाशी काही बोलली नाही. ओढ्याकाठच्या उंबराची फळे त्याला आवडत. त्या उंबरावर ती रोज थोडा वेळ जाऊन बसे, एवढेच.

"मावशी, बहुतेकांना मोठाच फोन हवा आहे," कोल्हा म्हणाला. "एकीच्या हातासाठी सगळ्यांना थांबवणार का?"

"थांबवत नाही," साळू म्हणाली. "तोंडाने मागितलेलं अंगाला झेपतं का, तेवढं बघते."

तिने ओढ्याची चिकणमाती आणि पोळ्याचे मेण एकत्र मळले आणि ज्याने जसा मागितला तसा एकेक खोटा फोन घडवला. "हा खरा आहे असं समजून पुढच्या बाजारापर्यंत वापरा," ती म्हणाली. "मग घेऊन या."

बाजाराच्या दिवशी गवा मोकळाच आला. "शिंगाला बांधला तर डोळ्यावर येतो," तो म्हणाला. "चरू देईना. म्हणून वारुळाला टेकवून ठेवला. मुंग्यांनी वर माती चढवली, आता वारुळाच्या आतच गेला." मोराचा फोन नव्यासारखा होता. "मळेल म्हणून पानातून बाहेरच काढला नाही," तो म्हणाला. कोल्ह्याने दोन तुकडे पुढे केले. "घरी जाऊन बसलो," तो म्हणाला, "आणि बसल्याबरोबर मोडला."

वानरिणीचा ठोकळा मात्र धरून धरून काळाभोर, गुळगुळीत झाला होता. कोपरे झिजले होते. एका कडेला तिच्या अंगठ्याने खळगा पडला होता आणि खालच्या बाजूला पिलाच्या दातांचे ठसे होते. साळूने तो कोल्ह्याच्या पंजात ठेवला. कोल्ह्याने तो उलटसुलट केला. बोलता बोलता त्याचे बोट त्या खळग्यात जाऊन बसले, आणि बराच वेळ झाला तरी तो ठोकळा परत देईना.

"भाऊजी, तो माझा आहे," शेवटी वानरीण म्हणाली.

साळूने पाठीवरचा एक काटा उपसला आणि त्या ठोकळ्याचे माप घेतले. वानरिणीचा फोन तेवढाच झाला, कमरेच्या वेलीत खोवता येईल असा. बाकीच्यांनी आपले जुने मोठे फोनच ठेवले. कडेला तोच खळगा ठेवला. तिथे दाबले की टिटवीचा आवाज येई.

पुन्हा उन्हाळा आला. बाकी सगळीकडचे पाणी आटले, तेव्हा सगळे ओढ्याच्या डोहावर येऊ लागले. एका दुपारी वानरिणीचे पिलू इतर वानरपिलांबरोबर काठावर वाकून पाणी पीत होते. ती उंबराच्या फांदीला लटकून फळे तोडत होती. इतक्यात सगळ्यांचे फोन वाजले. गवा शिंगावरचा फोन सावरू लागला. मोर फोनभोवतीचे पान सोडू लागला. वानरिणीने फांदी सोडली नाही. फोनकडे पाहिलेही नाही. दुसऱ्या हाताचा अंगठा कमरेवरच्या खळग्यात बसला आणि टिटवी म्हणाली, "बिबट्या. करवंदीच्या जाळीतून. झाडाच्या शेंड्यावर चढा, नाहीतर पलीकडे पळा."

वानरिणीने अशी हाळी दिली की डोह हादरला. पिले झाडांच्या शेंड्यांवर चढली. गवा पाणी उडवत पलीकडे गेला, त्याच्यामागे हरणे, मोर आणि कोल्हा. बिबट्या काठावर आला तेव्हा तिथे ओली पावले तेवढी होती. त्याने वर पाहिले. उंबराच्या शेंड्याला, बारीक फांद्यांत वानरीण बसली होती. एक हात फांदीवर, एका हातात फोन, आणि पोटाशी ओल्या तोंडाचे पिलू. त्या फांद्या आपले वजन पेलणार नाहीत, हे पाहून बिबट्या आल्या वाटेने परत गेला. मग आधी पिलांनी ओरडायला सुरुवात केली, मग पलीकडच्या काठाने. संध्याकाळपर्यंत जंगलभर तोच जल्लोष चालला होता.

पुढच्या बाजाराला साळूच्या बिळापासून डोहापर्यंत रांग लागली. सर्वांत पुढे कोल्हा होता.

"कसा देऊ?" साळूने विचारले. "पिंपळपानासारखा?"

कोल्ह्याने मागे वळून पाहिले. "वहिनींच्या हाताचा," तो म्हणाला.

तात्पर्य : वस्तू घडवताना ज्याचा हात अडला आहे त्याच्या हाताचे माप आधी घ्यावे, ती मग सगळ्यांच्याच हाताला बसते.