डोहाची वरची बाजू

त्या रानात एकच ओढा होता आणि ओढ्याला एकच नियम होता: मोठ्यांनी वर प्यायचं, लहानांनी खाली. कोण मोठं आणि कोण लहान हे कधीतरी ठरलेलं होतं. कुणी ठरवलं, हे विचारायची पद्धत नव्हती. उगमापाशी सांबरं पीत, त्यांच्या खाली नीलगाई, त्यांच्या खाली हरणं. अगदी शेवटी, ओढा जिथे एका खोलगट डोहात जाऊन थांबे, तिथे साळिंदरं. त्यांच्यापर्यंत पाणी पोहोचायचं तेव्हा सगळ्या रानाचे पाय धुऊन झालेले असत. दर उन्हाळ्यात साळिंदरांची काही पिल्लं पोट बिघडून मरत. वर त्याची दखल घेतली जाई. साळिंदरांची प्रकृती मुळातच नाजूक, असं सगळे हळहळून म्हणत.

एका वर्षी उगम आटला. मग नीलगाईंची जागा कोरडी पडली, मग हरणांची. पाणी उताराला जातं, हे तेव्हा वरच्यांच्या प्रथमच लक्षात आलं. रानातलं उरलंसुरलं सगळं पाणी साळिंदरांच्या डोहात होतं.

थोरल्या सांबरानं सभा बोलावली. सभा कोरड्या ओढ्यातच भरली आणि तिथेही सगळे आपापल्या क्रमानं उभे राहिले. ठरलं असं, की साळिंदरांनी डोह सोडून जावं, पाणी शुद्ध होऊ द्यावं आणि मग सगळ्यांनी मानानं खाली उतरावं. शुद्ध व्हायला किती वेळ लागतो यावर मात्र एकमत होईना. जिभा टाळ्याला चिकटत होत्या, त्यामुळे भाषणं लांबत होती.

हरणांच्या रांगेत एक पाडस मटकन खाली बसलं. त्याच्या आईनं त्याला नाकानं ढोसलं, तरी ते उठेना. सकाळपासून ते दूध मागत होतं आणि तिच्या कासेत काही नव्हतं.

"जरा लवकर ठरवता का?" हरिणी म्हणाली.

"तुझी पाळी आली की बोल," थोरलं सांबर म्हणालं. "आधी नीलगाईंचं होऊ दे."

हरिणीला फार राग आला. त्याहून जास्त भीती वाटत होती. साळिंदरांच्या पाण्याला एकदा तोंड लावलं की परत हरणांत घेत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. तिनं स्वतःच्या बहिणीला घेतलं नव्हतं. तिनं पाडसाला कसंबसं उभं केलं, आपल्या अंगाचा टेकू दिला आणि ती उतारानं चालू लागली.

डोहाच्या काठी एक साळिंदरीण पिल्लाला घेऊन बसली होती. सभेतलं बोलणं तिच्याही कानावर आलं होतं, आणि तिचे काटे उभे होते.

"बाई, याला पाजू का?" हरिणीनं विचारलं.

साळिंदरांना आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. तिचे काटे हळूहळू खाली बसले.

"माझी दोन गेली या पाण्यापायी," साळिंदरीण म्हणाली. "तेव्हा वरून तुमची घाण यायची. यंदा वरून काहीच आलं नाही, म्हणून नितळलंय. पाज त्याला. पाय तेवढे बाहेर ठेवा."

पाडस प्यायलं. ते आता मरेल म्हणून वरून सगळे बघत राहिले. ते मेलं नाही. शेपटी हलवायला लागलं. मग हरणं आली, मग नीलगाई, भलतीकडेच बघत, सहज फिरायला निघाल्यासारखी. जागा मिळेल तिथे जो तो उभा राहिला. साळिंदरिणीचं पिल्लू एका नीलगाईच्या पायांमधून वाकून पीत होतं.

सर्वांत शेवटी थोरलं सांबर खाली आलं. त्याची जीभ बाहेर लोंबत होती. तरी ते लगेच प्यायलं नाही. वरची बाजू शोधत ते काठाकाठानं चालू लागलं. डोह गोल होता. एक फेरी झाली, दुसरी झाली, तिसऱ्या फेरीला ते पाडसापाशी अडखळलं. ते बघून पाडसानं थोडं सरकून जागा केली.

"वरची बाजू कुठली रे?" सांबरानं त्याला विचारलं.

पाडसाचं तोंड पाण्यात होतं.