पांढरी राख

"मग आता गोळ्या कशाला गिळायच्या, बाबा?"

वैजयंतानं विचारलं खरं, पण उत्तर तिनं आधीच ठरवून आणलं होतं. बाबांनी फक्त मान हलवायची होती.

टेकडीवरच्या केवळगिरी बाबांनी मान हलवली नाही. ते धुनीकडं बघत राहिले...

वैजयंता खालच्या गावात शाळेत शिकवायची. वय छत्तिशीचं. मागं कधीतरी तिला ल्युपस झाला. शरीराची राखण करणारी ताकदच शरीरावर उलटते, असला हा आजार. सांधे धरले, नाकाच्या दोन्ही बाजूंना गालांवर लाल चट्टे उठले.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या तिनं घेतल्या. वर टेकडीवर येऊन धुनीची सेवाही धरली. रोज सकाळी लाकडं घालायची, राख सारायची, निघताना चिमूटभर अंगारा दोन्ही गालांना लावायचा.

चट्टे गेले. गुण कुणाचा? गोळ्यांचा म्हणायला कोण बसलंय! अंगाऱ्याचा, असं तिनं गावभर सांगितलं. तिचा नितळ झालेला चेहरा बघून बाया रांगेनं टेकडी चढू लागल्या. वैजयंता त्या रांगेपुढं मोठ्या तोऱ्यात वावरायची.

डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, की चट्टे गेले म्हणजे आजार गेला असं नाही. तो आत हृदयाच्या धमन्याही खराब करतो, तरण्या बाईच्यासुद्धा. गोळ्या सोडू नका, रक्तदाब बघत जा.

या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडलं. गोळ्यांचा डबा फडताळात वर गेला.

बाबा बोलायला कंजूष. तिच्या प्रश्नावर त्यांनी एवढंच विचारलं, की हल्ली लाकडांची मोळी चढावर देवचाफ्यापाशी खाली का ठेवतेस.

तिनं हसण्यावारी नेलं. म्हणाली, थोडा दम लागतो, जबडा दुखतो, बसलं की थांबतं. पित्त आहे, जिऱ्याचं पाणी घेतेय.

"जबडा..." बाबा म्हणाले.

मागं अंगाऱ्यासाठी रांगेत बसलेल्या बायाही पुढं सरकून ऐकू लागल्या.

मग बाबांनी धुनीकडं बोट केलं. वर पांढरी राख बसलेली. धूर नाही, लाली नाही.

"हात घाल."

वैजयंताचा हात पुढं झाला आणि तिथंच थांबला. धुनीची सेवेकरी ती. राख पांढरी दिसली म्हणून पाय टाकू नका, भाजाल, असं नवख्या बायांना रोज तीच दटावायची.

"घाल की, माय. लाल कुठाय?"

तिचा हात मागं आला, आपसूक गालाकडं गेला, तिथून जबड्याकडं. आता मात्र ती घाबरली होती.

बाबा उठले. गुडघ्यांमुळं त्यांना उठायला वेळ लागला. उपरण्याचं टोक त्यांनी कमंडलूत भिजवलं आणि तिच्या गालांवरचा अंगारा पुसून काढला. एक गाल, मग दुसरा.

बाबांनी अंगारा लावलेला सगळ्यांनी पाहिला होता. पुसलेला कुणीच नाही. एकीच्या तोंडून "अगं बाई" निघून गेलं.

रांगेतल्या एका बाईचा नवरा मागच्या कच्च्या रस्त्यानं जीप घेऊन आला होता. बाबांनी त्याला हाक मारली. सांगितलं, हिला आत्ता, असंच, तालुक्याच्या दवाखान्यात हृदयाच्या डॉक्टरकडं न्यायचं. पायी एक पाऊल उतरू द्यायचं नाही. आणि तिला सांगितलं, की ल्युपस आहे, गोळ्या सोडल्यात, चढताना जबडा दुखतो, हे सगळं डॉक्टरला सांग. चढताना जबडा दुखणं हृदयाचंही असतं, पित्ताचं नाव काढू नकोस.

वैजयंता जीपमध्ये बसली. गाल ओले होते, त्यात कमंडलूतलं पाणी किती आणि डोळ्यांतलं किती, कोण सांगणार.

"बाबा, लोक आता म्हणतील, तुमच्या अंगाऱ्याचा गुण गेला. मी त्यांना काय सांगू?"

बाबा खाली बसले. एक लाकूड धुनीत सारलं. राख फुटली, आत लालबुंद होतं.

"सांग त्यांना... गुण गेला, म्हणून बाई राहिली."