सखाहरीची ताजी हळद

एका गावात सखाहरी नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा म्हणजे अगदी आज्ञाधारक. जेवढं सांगावं तेवढं करायचा. सांगणाऱ्याच्या मनात काय आहे ते मात्र त्याला दिसायचं नाही. ते इतरांना तरी किती दिसतं, कोण जाणे.

आई त्याला एकदा म्हणाली होती, सांगितलेल्या गोष्टीची खूणगाठ बांधत जा. तेव्हापासून कुणी काही शिकवलं, की सखाहरी उपरण्याला गाठ मारायचा. गाठी मारून मारून उपरणं आखडलं होतं. लांबून पाहणाऱ्याला वाटायचं, याच्या गळ्यात कांद्यांची माळ आहे.

सखाहरीचा थोरला भाऊ गणपत. त्याचं लग्न ओढ्यापलीकडच्या गावातल्या हौसाशी ठरलं. सखाहरीला कोण आनंद झाला. त्याला वरातीत नाचायचं होतं, पंगतीत जिलबी खायची होती, नवरदेवाच्या मागे करवला म्हणून मिरवायचं होतं. पण आईनं त्याला समोर बसवलं आणि बजावलं, "नीट वागलास तर लग्नाला नेईन. नाहीतर तू घरी म्हशीपाशी."

सखाहरीनं गाठ मारली. त्याला म्हैस आवडायची, पण लग्नाइतकी नाही.

आता गणपत सारा हंगाम गुऱ्हाळावर राबलेला. चुलवाणाच्या धगीपुढे उभा राहून त्याचं तोंड कोरडं ठक्क झालं होतं. गालांचे पापुद्रे निघत होते. दुकानातून मलमाची डबी आणावी असं तो म्हणाला, तर गोदाआत्या हसली. ही त्यांच्या वडिलांची बहीण, लग्नासाठी आधीच येऊन राहिलेली. ती म्हणाली, डब्या कशाला हव्यात, सगळं आपल्या स्वयंपाकघरात असतं. मग तिनं सखाहरीला काम सांगितलं. डाळीचं पीठ घे, ताकात कालव, चिमूटभर हळद टाक आणि दादाच्या तोंडाला लाव.

सखाहरी स्वयंपाकघरात गेला. चुलीवर कढी होती. त्यानं विचार केला. डाळीचं पीठ यात आहे. ताक आहे. हळदही आहे. आईनं सगळं आधीच कालवून ठेवलंय, शिवाय वरून फोडणी दिलीय. तो पातेलं घेऊन बाहेर आला. गणपत ओट्यावर डोळे मिटून बसला होता. सखाहरीनं पळीनं लावायला सुरुवात केली.

गणपत अंगणात तीन पायांच्या शेळीसारखा नाचला. त्याच्या भुवईला कढीपत्ता चिकटला होता आणि नाकात मोहरी गेली होती. त्याच्या अंगाला हिंगाचा असा वास सुटला, की गल्लीतली कुत्री दारात येऊन बसली.

आत्यानं कपाळावर हात मारला. "अरे बाबा, खायचं वेगळं आणि लावायचं वेगळं. आधी विचारायचं, हे खायचं की लावायचं?"

"बरं," सखाहरी म्हणाला आणि त्यानं गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी हौसाचे वडील लग्नाचं बोलायला आले. आईनं सखाहरीच्या हातात ताटली दिली आणि पाहुण्यांपुढे ठेव म्हणाली. ताटलीत बेसनाचे लाडू होते. सखाहरीनं ताटली पुढे केली. मग त्याला गाठ आठवली.

"मामा, तुम्हाला हे खायचंय की लावायचंय?"

पाहुण्यांनी हात मागे घेतला. तुमच्याकडे लावतात का, असं त्यांनी जपून विचारलं.

"दादाला कालच लावलं," सखाहरी म्हणाला. "डाळीचंच होतं. पण पातळ."

पाहुण्यांनी लाडवाकडे पाहिलं, मग गणपतच्या लालबुंद तोंडाकडे पाहिलं आणि पोट भरलंय म्हणाले. चहासुद्धा त्यांनी आधी हुंगला, मग घेतला. ते गेल्यावर आईनं सखाहरीला चांगलंच फैलावर घेतलं. माणसाला असं विचारायचं नसतं. आग्रह करायचा असतो. समोरचा नको नको म्हणतोच, ती रीत असते. त्याचं ऐकायचं नाही. आणखी थोडं म्हणत वाढत राहायचं.

"बरं," सखाहरी म्हणाला आणि त्यानं गाठ मारली.

त्यानंतर आत्यानं मसुराची डाळ भिजवली, दुधात वाटली आणि त्यात लिंबाचे दोन थेंब पिळले. या वेळी वाटी तिनं स्वतः सखाहरीच्या हातात दिली. चुकायला जागाच ठेवली नाही, असं तिला वाटलं.

सखाहरीनं गणपतच्या गालांना लेप लावला. गणपत बास म्हणाला. सखाहरी हसला, कारण ही रीत त्याला ठाऊक झाली होती. तो म्हणाला, "असं कसं दादा, आणखी थोडं." त्यानं कपाळाला लावलं, मानेला लावलं. गणपत नको नको म्हणत उठायला लागला, तसा सखाहरीनं त्याला खांदा धरून बसवला. वाटी संपली. सखाहरीनं आत जाऊन उरलेली सगळी डाळ आणली आणि लिंबूही अख्खं पिळलं, कारण आग्रहात हात आखडायचा नसतो. लेप कानांत गेला, मिशांत गेला. मग तो वाळला. गणपतचं तोंड उघडेना. नको म्हणायचीही सोय राहिली नाही, तेव्हा सखाहरीला वाटलं, दादा आता मनापासून घेतोय.

लेप सुटला तेव्हा गणपत टोमॅटोसारखा दिसत होता. लिंबानं त्याची आग आग होत होती. आत्यानं त्याला साय चोपडली आणि सखाहरीला शेजारी बसवून सावकाश, एकेक शब्द तोडून सांगितलं. "दुसऱ्याला काहीही लावायच्या आधी आपल्या हाताला लावून बघायचं. आग नाही झाली तरच लावायचं. आणि एकाच्या अंगाचं उरलेलं दुसऱ्याला लावायचं नाही. ते टाकून द्यायचं आणि ताजं कालवायचं. कळलं?"

"बरं," सखाहरी म्हणाला. या वेळी त्यानं दोन गाठी मारल्या.

आईनंही बोट नाचवून सांगितलं, आता आणखी एक घोळ घातलास तर म्हैस आणि तू.

हळदीचा दिवस उजाडला. सायीनं गणपतचं तोंड निवलं होतं. बायकांनी गाणी म्हणत त्याला हळद लावली. आता रीत अशी, की नवरदेवाला लावून उरलेली हळद नवरीकडे पाठवायची. तिला उष्टी हळद म्हणतात. ती नवरीच्या अंगाला लागली, की नवरी त्याची झाली. पण बायकांचा नट्टापट्टा आवरेना आणि तिकडून निरोपावर निरोप यायला लागले. सखाहरी तर सकाळपासून दारात तयार उभा होता. शेवटी आईनं वाटी झाकून त्याच्या हातात दिली. तू पुढं हो, आम्ही गाडीतून मागोमाग येतो, वाटी हौसाच्या आजीच्याच हातात दे, असं तिनं त्याला तीनदा सांगितलं.

सखाहरी निघाला. वाटी त्यानं देवाच्या मूर्तीसारखी धरली होती. ओढ्यापाशी आल्यावर त्यानं झाकण काढून पाहिलं. आत हळद होती. दादाच्या अंगाची होती. उरलेली होती. शिवाय तिच्यात दादाचा एक केसही होता.

सखाहरीच्या अंगावर काटा आला. केवढा घोळ होणार होता. त्यानं ती हळद ओढ्यात टाकली आणि वाटी घासून लख्ख केली. पलीकडच्या गावात शिरताच पहिल्या घरातून त्यानं हळदीची पूड आणि थोडं तेल मागून घेतलं आणि ताजी हळद कालवली. आधी डाव्या हाताला लावली. आग नाही. उजव्या हाताला लावली. आग नाही. नवरीच्या तोंडाला लावणार म्हणून स्वतःच्या तोंडालाही लावून पाहिली. छान गार वाटलं.

हळदीच्या घरून येणारा माणूस पिवळाच असायचा. त्यामुळे मांडवात कुणाला काही वावगं दिसलं नाही. आजीनं वाटी घेतली. बायकांनी गाणं धरलं आणि हौसाला कपाळापासून पायांपर्यंत हळद लावली. हौसा लाजली. आजी वाटी हुंगून कौतुकानं म्हणाली, हळद अगदी नवीन वाटते हो.

"नवीनच आहे आजी," सखाहरी म्हणाला. "दादाची उष्टी होती, ती मी ओढ्यात टाकली. ही ताजी आहे. मी आधी स्वतःच्या अंगाला लावली, मग हिच्यासाठी आणली."

गाणं थांबलं. हौसानं सखाहरीकडे पाहिलं. मग स्वतःच्या पिवळ्या हातांकडे पाहिलं. आजी हळूच पाटावर बसली.

"धन्य आहेस बाबा," ती म्हणाली. "आता तुझ्याशिवाय हे लग्न लागत नाही."

सखाहरी एवढंच ऐकून धावत सुटला. ओढ्यापाशी त्याला आईची गाडी दिसली. गाडीत आई होती, गोदाआत्या होती, नटलेल्या बायका होत्या. सखाहरी धापा टाकत गाडीच्या दांडीला लटकला. त्याचं पिवळं तोंड आनंदानं नुसतं फुललं होतं.

"आई, म्हशीपाशी दुसरं कुणीतरी ठेव," तो म्हणाला. "आजी म्हणाली, माझ्याशिवाय लग्न लागत नाही. आता दादा आला नाही तरी चालेल."